एक ठोका जास्त

सेनगावच्या बसस्टँडसमोर, खत-बियाणांच्या दुकानाच्या माडीवर भागवतची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अकरा मशिनी, एक कॉम्प्युटर आणि स्वतः भागवत. माणूस कामाला चोख, पण महासंशयी. परीक्षेत एखादं पोरगं वेळेआधी लिहून मोकळं झालं, की याला आनंद व्हायच्या आधी शंका यायची. रिबन विकणाऱ्या गुलाबचंदनं डबी हसून दिली तर हा डबी उघडून बघायचा, आणि न हसता दिली तर दोनदा उघडून बघायचा. बायको सखुबाई म्हणायची, "तुमाला देवानं हातावर परसाद ठेवला तरी तुमी आधी वास घ्याल." भागवतला त्यात टोमणा दिसायचा नाही. वास घ्यावाच, असं त्याचं मत होतं.

इतका संशय बाळगणाऱ्यालाही कुठेतरी पाठ टेकावी लागते. भागवतनं ती डॉसला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या प्रणालीला, टेकली होती. त्र्याण्णव साली नांदेडला आठ दिवस लॉजवर राहून तो ते शिकून आला होता. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि मशिनीनं ती निमूट पाळायची, हा कारभार त्याच्या स्वभावाला मानवला. पुढे विंडोज आलं, माउस आला, रंगीत चित्रं आली. पण कॉम्प्युटर सुरू झाला की भागवत पहिल्यांदा डॉसची काळी खिडकी उघडायचा आणि सगळं काम तिच्यातच करायचा.

मग त्याच कॉम्प्युटरवर दुसरी काळी खिडकी आली. ती आणली भारतनं.

भारत हा त्याचा धाकटा भाऊ, चांगला पंधरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. भागवतनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, मांडीवर बसवून त्याची बोटं टाइपरायटरवर ठेवली, पुढे औरंगाबादला पाठवून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला लावला. डिप्लोम्याबरोबर भारत एक सीडी घेऊन आला आणि तिच्यातून त्यानं सिगविन नावाची खिडकी मशिनीत टाकली. दिसायला ती डॉससारखीच काळी, पण तिच्या आज्ञा वेगळ्या. फाइल पाहायला डॉसमध्ये 'टाइप' म्हणायचं, तिथं 'कॅट'. भारत त्या खिडकीत तासन्‌तास रमायचा आणि मागे उभ्या असलेल्या भागवतला त्यातलं अक्षर कळायचं नाही. एकाच मशिनीत दोन चुली कशाला, असं तो म्हणायचा.

भारतनं तिथला पहिला कागद छापला तेव्हा ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे उतरत गेल्या. भागवत पोट धरून हसला.

"हसू नका दादा," भारत म्हणाला. "तुमच्या डॉसला ओळ मोडायला दोन खुणा लागतात. एक गाडी मागं न्यायची, एक कागद वर सरकवायची. बराबर टाइपरायटरसारखं. आमच्या खिडकीला एकच खूण पुरते. प्रिंटर तुमच्या सवयीचा हाय, म्हणून चकला."

भागवतच्या डोक्यात खुणांपेक्षा 'तुमच्या' आणि 'आमच्या' हे दोन शब्दच अडकून बसले. भारतचं प्रतिक्षाशी लग्न झाल्यावर ते जास्तच टोचू लागले, कारण त्याची सासुरवाडी होती पुसेगावची आणि सासरा होता उकंडराव. उकंडराव म्हणजे पुसेगावच्या शेळी-मेंढी पालक संस्थेचा अध्यक्ष. मागच्या निवडणुकीत तो अवघ्या अकरा मतांनी आला होता आणि दोन हजार दोनच्या मे महिन्यात पुन्हा उभा होता. त्या निवडणुकीच्या मतदारयादीचं काम आलं भागवतच्याच इन्स्टिट्यूटकडे.

यादी भागवतनं स्वतः टाइप केली. काळ्या खिडकीत मराठी अक्षर उमटत नसे, म्हणून नावं विम्याच्या पावतीवर येतात तशी इंग्रजीत. गावातल्या सभासदांची एक फाइल, शेतवस्त्यांवरच्यांची दुसरी. प्रत्येक ओळ बरोबर चाळीस ठोक्यांची. नाव लहान असलं तर उरलेली जागा स्पेसचे ठोके मारून भरायची, हा त्याचा नियम. मग डॉसच्या 'कॉपी' आज्ञेनं दोन्ही फाइली जोडून त्यानं एक यादी केली. एकशे चव्वेचाळीस नावं झाली.

राहिली होती धनगरवाडी. तिथली माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, खतासाठी लोकांच्या रानात कळप बसवत पार परभणीच्या पुढे जातात आणि उन्हाळा सरताना माघारी येतात. त्यांचे त्रेचाळीस अर्ज उशिरा आले. त्या दिवशी भागवत हट्टा गावी एका लग्नाला गेला होता. तेव्हा ती नावं भारतनं आपल्या खिडकीत टाइप केली आणि यादीच्या शेवटी जोडून टाकली. पुढच्या शुक्रवारी भागवतनं डॉसमधून यादी छापली, पाकिटात घातली, संस्थेकडे पाठवून दिली. नावं मोजली नाहीत. गुलाबचंदची डबी उघडून बघणाऱ्या माणसाला आपल्या डॉसमधून निघालेला कागद मोजून बघावासा वाटला नाही.

सोमवारी सकाळी ज्ञानबा माडी चढून आला. धनगरवाडीतला जुना माणूस, साठी उलटलेला. तो बाकावर टेकला, धाप ओसरू दिली आणि म्हणाला, "मास्तर, आमची वाडी मेली का?"

"काहून?"

"संस्थेच्या भिंतीवर यादी लावली. गाव हाय, वस्त्या हायेत. आमच्या वाडीचं एक नाव न्हाई. त्रेचाळीस माणसं. परवा बुधवारी पाच वाजेपत्तर काय ते सांगा म्हणले, मंग यादी पक्की. मंग पाच वर्षं आमी मत न्हाई द्यायचं."

भागवतनं डॉसची खिडकी उघडली आणि यादी पडद्यावर आणली. नावं भराभरा वर सरकली आणि एकशे चव्वेचाळिसाव्या नावावर, वस्तीवरच्या रूपसिंगवर, थांबली. पुढे काही नाही. त्यानं पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा रूपसिंग.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. धनगरवाडी उकंडरावाच्या विरोधातली. त्रेचाळीस मतं गेली तर उकंडराव घरबसल्या निवडून येतो. आणि ती नावं कोणाच्या हातात होती, तर त्याच्या जावयाच्या. भागवतनं माडीच्या खिडकीतून खाली हाक मारली. भारत हॉटेलातून अर्धा चहा टाकून वर आला, काय झालं ते ऐकलं आणि खुर्चीत बसून आपली काळी खिडकी उघडली. 'कॅट' म्हणून यादीचं नाव दिलं. नावं सरकत सरकत गेली, रूपसिंग येऊन गेला, आणि त्याच्याखाली धनगरवाडी उभी राहिली. एकशे सत्त्याऐंशी. शेवटचं नाव ज्ञानबाचंच होतं.

"हे पाहा, हायेत की," भारत म्हणाला.

"आत्ता हायेत," भागवत म्हणाला. "मघाशी नव्हती."

"म्हंजे?"

"म्हंजे तू बसल्यावर आली."

भारतला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "दादा, तारीख पाहा फाइलीची. नऊ दिवसापासून कोणी हात लावला न्हाई तिला."

"तारीख मशिनीच्या घड्याळावर असते. घड्याळ मागं करायला काय लागतं, एक आज्ञा."

गंमत अशी, की भारत जितका पुरावा देत होता तितका भागवतचा संशय पक्का होत होता. ज्याच्याकडे एवढी उत्तरं तयार असतात त्यानं ती आधीच तयार केलेली असतात, असा त्याचा हिशेब. त्यानं डॉसच्या खिडकीत पुन्हा यादी मागवली. रूपसिंगवर थांबली. म्हणजे भारतच्या खिडकीत एक यादी आणि त्याच्या खिडकीत दुसरी, आणि फाइल मात्र एकच. ही हातचलाखी नाही तर काय?

भारतनं आपल्या खिडकीत आणखी एक आज्ञा टाकली, पुढे वाकला आणि रूपसिंगच्या नावाखालच्या एका जागेकडे बघत राहिला. त्यानं ज्ञानबाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मान खाली घातली.

"दादा, तुमी आन् ज्ञानबा मामा खाली जाऊन चहा घेऊन या. मला पाच मिंटं द्या. मी नीट करून देतो."

एवढं ऐकलं आणि भागवतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हाला बाहेर घालवतो आणि आत बसून नीट करतो! त्यानं भारतचा हात कीबोर्डवरून बाजूला केला, फाइल फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपी खिशात घातली.

"ऊठ. सासऱ्याचं काम भावाच्या मशिनीवर केलंस. लाज नाही वाटली?"

ज्ञानबा तिथंच बसलेला होता. भारतचे कान लाल झाले. "नावं गेलेली न्हाईत, दादा," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. भागवतनं त्याच्याकडची माडीची किल्लीही मागितली नाही. त्यानं दुपारी सरळ नवं कुलूप आणलं.

ज्ञानबा मात्र जाता जाता उंबऱ्यात थांबला. "मास्तर, तुमच्या भावाचं मला ठाव न्हाई. पण चोर कळपातून निवडून नेतो. आमच्या वाडीत नर्मदाबाई हाय, उकंडरावाची सख्खी मावशी. तिचंबी नाव गेलं. आपल्या मावशीचं मत कोण कापंल?"

"संशय येऊ नये म्हणून कापलं असंल," भागवत म्हणाला.

ज्ञानबा जिना उतरून गेला.

मंगळवारी भागवतनं अर्ज केला. कॉम्प्युटरवर आता त्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून टाइपरायटरवर. 'सदर त्रेचाळीस नावे माझा भाऊ भारत याने हेतुपुरस्सर वगळली असल्याचा माझा दाट संशय आहे.' मजकूर एकाही चुकीशिवाय उतरला. 'माझा भाऊ' टाइप करताना बोटं क्षणभर अडली होती, पण स्पीडची सवय, पुढची अक्षरं आपोआप पडली. तो अर्ज त्यानं पुसेगावला जाऊन संस्थेचा सचिव शंकरसिंग याच्या हातात दिला. बुधवारी चार वाजता सुनावणी होती. निवडणुकीचे साहेब येणार होते आणि आलेले अर्ज सगळ्यांसमोर वाचणार होते. ज्या गावात भारतची सासुरवाडी त्याच गावात, त्याच्या बायकोच्या नातलगांसमोर, भारत चोर ठरणार होता. भागवतला ते ठाऊक होतं. त्याला वाईटही वाटत होतं, पण वाईट वाटतं म्हणून खरं सोडायचं का, असं तो स्वतःला बजावत घरी आला.

घरी सखुबाईनं ताट वाढलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "भारत सकाळीच हिंगोलीला गेला. डबा न्हाई नेला. प्रतिक्षाबी बॅग भरून माहेरी गेली."

हिंगोलीला कशाला? वकिलाकडे, दुसरं काय. भागवतनं ताट बाजूला सारलं.

बुधवारी नऊला लाइट आली तसा तो माडीवर जाऊन बसला. दीडला पुन्हा जाणार होती. सुनावणीत साहेबांनी विचारलं, नावं वगळली कशी आणि परत आली कशी, तर सांगणार काय? पुरावा हवा होता. डॉसनं जे दाखवलं ते तो मानत होता, भारतच्या खिडकीनं दाखवलेलं मानत नव्हता. पण साहेबांना दोन्ही काळ्या खिडक्या सारख्याच. तेव्हा त्यानं टायपिंगच्या मास्तरला जे येतं ते केलं. ठोके मोजायला घेतले.

परीक्षेचा पेपर तपासताना तो असाच मोजायचा. अक्षराचा एक, जागा सोडली तिचा एक. फाइलीत जितके ठोके तितकं तिचं वजन, आणि ते वजन डॉस यादीच्या पुढे आकड्यात दाखवतं. त्यानं छापील यादी घेतली, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ मोजत गेला. भारतनं मध्ये कुठं एखादं अक्षर पेरलं असेल तर सापडेल म्हणून गुणाकार केला नाही, प्रत्येक ठोका मोजला. एकशे चव्वेचाळीस ओळी, दर ओळीला चाळीस, आणि ओळ मोडायचे दोन. सहा हजार अठ्ठेचाळीस. कुठंही इकडचं तिकडं नाही.

मग डॉसला फाइलीचं वजन विचारलं. सात हजार आठशे बारा.

म्हणजे एक हजार सातशे चौसष्ट ठोके फाइलीच्या पोटात होते आणि डॉस ते दाखवत नव्हतं. सापडला! नावं पुसली नाहीत, लपवली. त्यानं सतराशे चौसष्टला बेचाळिसानं भागलं, कारण त्याची प्रत्येक ओळ बेचाळीस ठोक्यांची. बाकी शून्य. बरोबर बेचाळीस नावं.

पण वाडीची माणसं होती त्रेचाळीस. एक नाव खरोखरच कापलेलं होतं. कोणाचं? ज्ञानबाचं असेल, तोच तर वाडीचा म्होरक्या; सोमवारी पडद्यावर दिसलं ते काय खरं? भागवतला आता घाई झाली. पडद्यावर भारतची खिडकी उघडायला पाहिजे होती. आजवर त्यानं तिला बोट लावलं नव्हतं. भारतच्या मागे उभं राहून कधीतरी कागदावर उतरवून ठेवलेल्या आज्ञा त्यानं काढल्या, त्यातली 'कॅट' एकेक अक्षर बघत टाइप केली, आणि धनगरवाडी खाली उतरली. त्यानं बोट लावून मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. ज्ञानबा होता, नर्मदाबाई होती, सगळे होते. प्रत्येक ओळ चाळीस ठोक्यांची, लहान नावापुढे स्पेस मारून भरलेली. भावाचा नियम भारतनं न चुकता पाळला होता.

नावं त्रेचाळीस आणि ठोके बेचाळिसांचे. भागवत पेन्सिल दातात धरून बसला. बाहेर एसटी आली, गेली. आणि मग त्याला जिन्यासारख्या उतरलेल्या त्या ओळी आठवल्या. भारतच्या खिडकीत ओळ मोडायला एकच खूण. म्हणजे त्याची ओळ एक्केचाळीस ठोक्यांची. त्रेचाळीस गुणिले एक्केचाळीस, एक हजार सातशे त्रेसष्ट.

एक ठोका उरला.

तो कोणत्याच ओळीत नव्हता. नाव नाही, जागा नाही, ओळ मोडायची खूण नाही. सहा हजार अठ्ठेचाळीस ठोके भागवतचे, सतराशे त्रेसष्ट भारतचे, आणि हा एक मधला, बेवारशी. हा कोणाचा? भागवतनं दोन इवल्याशा फाइली केल्या, एकीत दहा ठोके, दुसरीत दहा. 'कॉपी' आज्ञेनं जोडल्या, जशी यादी जोडली होती तशा. वजन विचारलं. एकवीस.

त्यानं तीनदा करून पाहिलं. तिन्हीदा एकवीस. मग भारतच्या खिडकीत जाऊन, त्याच कागदावरच्या जोडायच्या आज्ञेनं, त्या फाइलीच्या शेवटी आपलं स्वतःचं नाव जोडलं आणि डॉसमध्ये येऊन ती उघडली. दहा आणि दहा ठोके दिसले. त्याचं नाव दिसलं नाही. भारतच्या खिडकीत पाहिलं तर होतं.

आता काही समजून घ्यायचं राहिलं नव्हतं. दोन फाइली जोडल्या की डॉस शेवटी एक न दिसणारी खूण ठोकून देतं: इथं संपलं. पुढे काही असलं तरी डॉस त्या खुणेपाशी थांबतं, पुढचं वाचत नाही, छापत नाही. भारतच्या खिडकीला ती खूण लागत नाही, म्हणून तिनं सगळं दाखवलं. ती खूण भारतनं घातली नव्हती. यादी जोडली होती भागवतनं, त्याच्या आवडत्या आज्ञेनं. धनगरवाडीच्या तोंडावर दार लावलं होतं भागवतनं, आणि ज्या एका गोष्टीवर तो डोळे झाकून विसंबला होता तिनंच त्याला ते दाखवलं नव्हतं.

यादीतल्या चुकीचं त्याला फार काही वाटलं नाही. चूक कोणाचीही होते. त्याला आठवले भारतचे लाल झालेले कान, आणि टाइपरायटरवर बिनचूक उतरलेला तो अर्ज. लाइट गेली. घड्याळात दीड वाजून गेला होता.

पुसेगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भर उन्हात ती भरतही नाही. भागवत ड्रायव्हरला म्हणाला, रिकाम्या जागांचे पैसे मी देतो, चल. ड्रायव्हरनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. हा मास्तर कधी असं बोलणाऱ्यातला नव्हता. तरी आणखी चार माणसं मिळेपर्यंत तो थांबलाच. पुसेगावात पोचायला सव्वाचार झाले. संस्थेच्या ओसरीवर गर्दी नव्हती. भिंतीवर नवी यादी चिकटवलेली होती. भागवतनं शेवटचा आकडा पाहिला: एकशे सत्त्याऐंशी.

आत शंकरसिंग कागद बांधत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत उकंडराव बसला होता. त्यानं भागवतला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि उठून बाहेर गेला.

"सुनावणी?" भागवतनं विचारलं.

"झाली की. साहेबाला पुढं जायचं होतं, तीनलाच उरकली," शंकरसिंग म्हणाला. "काल तुमच्या भारतनं माझ्याकडून वाडीचे अर्ज आन् जुन्या यादीची प्रत नेली. हिंगोलीत एका दुकानात बसून सगळी नावं पुन्हा टाइप केली, अख्खी यादी नव्यानं छापून आणली. साहेब म्हणले, दुरुस्ती घ्यायची तर चूक कोणाची ते लेखी द्या. त्यानं दिलं लिहून."

त्यानं कागद पुढे सरकवला. भारतचं अक्षर. 'सदर नावे माझ्या हातून अनवधानाने राहिली. माझे वडीलबंधू भागवत यांचा यात काही संबंध नाही.' त्याखाली टाचणीनं भागवतचा अर्ज लावलेला.

"दोन्ही वाचले साहेबांनी. तुमी म्हणता मुद्दाम केलं, तो म्हणतो चुकून झालं. साहेब म्हणले, केलं यानंच यावर दोघा भावांचं एकमत हाय. संस्थेचं काम इथून पुढं त्याला द्यायचं न्हाई, असा शेरा मारला. उकंडरावानं मान वर केली न्हाई मंग."

"कागद दे," भागवत म्हणाला. "चूक माझी हाय."

शंकरसिंगनं बाहेर पाहिलं, आवाज उतरवला. "मास्तर, नावं आली. मिटलं. आता काहून उकरता? उद्या लोक म्हणतील, मास्तरलाच यादी करता येत न्हाई. पोरं कोण धाडील तुमच्याकडं?"

ते खरं होतं. आणि ठोके मोजल्याचं भागवतशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तो गप्प राहिला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. त्याला तो मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. कोऱ्या कागदावर पेन टेकवून तो चांगला मिनिटभर बसला. मग त्यानं लिहिलं. 'यादीतील चूक माझी आहे. माझ्या भावाने ती माझ्यासाठी स्वतःवर घेतली. त्याच्यावर मी घेतलेला संशय खोटा होता.' पाच वाजायला दहा मिनिटं असताना शंकरसिंगनं नाइलाजानं त्यावर शिक्का मारला आणि एक प्रत भागवतला दिली.

भारत हिंगोलीच्या फाट्यावर जीपची वाट पाहत बसला होता. शेजारी प्रतिक्षा, पायाशी बॅग. थोरल्या दिरांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि ती जरा पलीकडे जाऊन उभी राहिली. भागवतनं कागद पुढे केला. भारतनं तो ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"कव्हा कळलं तुमाला?"

"आज दुपारी. तुला?"

"सोमवारीच. ती खूण दिसली मला रूपसिंगच्या खाली."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

"ज्ञानबा मामा बसलेले. त्यांच्यादेखत कसं म्हणू, खूण मास्तरची हाय म्हणून? म्हणून तर तुमाला चहाला जा म्हणलो."

रस्त्याच्या टोकाला जीपची धूळ दिसू लागली. "चल घरी," तो म्हणाला. "तुझी वैनी दोन दिवस धड बोलली न्हाई माझ्याशी."

"हिंगोलीच्या दुकानवाल्यानं ठेवून घेतलं मला. उद्यापासून या म्हणला." भारतच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भागवतला बरं वाटलं असतं. "तुमाला खूण सापडली कशी पण? माझ्या खिडकीतलं तर तुमाला काही येत न्हाई."

"ठोके मोजले."

"सगळे?"

"सगळे. सहा हजार अठ्ठेचाळीस."

भारतच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. जीप येऊन थांबली. त्यानं बॅग आत ढकलली, प्रतिक्षाला बसवलं आणि फळीला हात घालून भावाकडे वळला.

"किती वेळ लागला, दादा?"

"सकाळपासून दुपार झाली."

"आन् मला एकदा विचारायला किती लागला असता?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भागवत हातातला कागद उगाच उलगडत, पुन्हा घडी घालत उभा राहिला. भारतनं थोडी वाट पाहिली, मग तो चढला आणि जीप हिंगोलीकडे निघाली.